सोंगे उन्हाळ्यात कुठं जातात

उंबरमाळी स्टेशनात उतरून रूळ ओलांडले, की ओहळाच्या कडेनं एक पायवाट चढते. अर्धा तास चाललं, की कातकरवाडी लागते. घरं बावीस. दिवाळी झाली की त्यातल्या बहुतेक घरांना कुलपं लागतात आणि माणसं वीटभट्ट्यांवर जातात. कुणी भिवंडीकडं, कुणी कर्जतच्या बाजूला. ती परततात पाऊस तोंडावर आल्यावर. मधले सहा-सात महिने वाडीत उरतात ते फार म्हातारे, नाहीतर ज्यांच्या अंगात काही मोडलेलं आहे असे.

यमूचा खुबा मोडलेला होता. तशी ती म्हातारी नाही, पन्नाशी नुकती ओलांडली असेल. नवरा जैतू होता तोवर दर वर्षी त्याच्याबरोबर भट्टीवर जायची. एका हंगामात डोक्यावर विटा घेऊन फळीवरून चढताना पाय सटकला. हाड पुढं जुळलं, पण तिरकं. तेव्हापासून तिला उकिडवं बसता येत नाही, आणि ज्या बाईला उकिडवं बसता येत नाही तिला भट्टीवर कोण ठेवणार? पुढच्या वर्षी जैतू एकटाच गेला. तिकडंच तापानं फणफणला आणि तिकडंच वारला. यमूला कळलं ते दोन दिवसांनी.

आता मुलगा अमित आणि सून सुरेखा जातात. निघायच्या आदल्या दिवशी सुरेखा तांदळाचा डबा काठोकाठ भरते, मीठ-मिरची बघते, चुलीशेजारी लाकडं रचून देते. अमितनं आपला जुना फोन आईला दिला. त्याच्या काचेला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा होता, पण चालायचा. घरात रेंज नाही; वाडीच्या वर एक मोठा खडक आहे, तिथं चढलं की मिळते. आइतवारी फोन करीन, असं अमितनं सांगितलं होतं. यमू दर आइतवारी खडकावर जाऊन बसायची. कधी यायचा, कधी नाही.

वाडीत तिच्याशिवाय राहायची ती जनीम्हातारी. जनीला ऐकू येत नव्हतं. दोघी दुपारी एका ओट्यावर बसून काटक्या मोडायच्या, आणि यमू दिवसभरात जे काही बोलायची ते जनीच्या चेहऱ्याकडं बघून. जनी मान हलवायची, पण कशाला हलवली ते तिलाच ठाऊक.

दिपिका भेटली ती भाद्रपदात, माणसं वाडीत होती तेव्हा. यमू ओहळाच्या अंगानं अळंबी शोधायला गेली होती. तिथं मोईचं एक मोठं झाड दोन वर्षांपूर्वी पडलेलं होतं. त्याच्या ओल्या खोडाला कानाएवढ्या टणक अळंब्या ओळीनं फुटल्या होत्या. ती खायची अळंबी नव्हे, म्हणून वाडीतलं कुणी त्या खोडाकडं फिरकत नसे. त्या दिवशी खोडासमोर एक शहरातली मुलगी चिखलात गुडघे टेकून बसली होती आणि भिंगातून काहीतरी बघत होती.

यमूला वाटलं, हिचं काही हरवलं. जवळ जाऊन तिनं विचारलं. मुलगी दचकली नाही. सरकून तिनं यमूला जागा करून दिली आणि अळंबीच्या खालच्या अंगाला बोट दाखवलं. तिथं आठ-दहा भुंगे दाटीनं बसले होते. चवळीच्या दाण्याएवढे, काळे कुळकुळीत, पाठीवर चार पिवळे ठिपके.

"सोंगे हायेत ते," यमू म्हणाली.

मुलीला नाव नवीन होतं. यमूनं एकाला बोटानं जरा डिवचलं. तो पाय पोटाशी घेऊन टपकन खाली पडला आणि पालथा होऊन निपचित राहिला. मेल्यासारखा. मग यमूनं सांगितलं, की हा मेला नाय, सोंग करतो. लहानपणी आमी पोरी ह्यांना पाडायचो आणि कोणाचा आधी उठतो ते बघत बसायचो. आई ओरडायची, बोट तोंडात घालू नका म्हणून, कारण भुंगा घाबरला की पायाच्या सांध्यातून पिवळा रस सोडतो आणि तो कडू जहर असतो. त्या दोघी बघत राहिल्या. पुष्कळ वेळानं एक पाय हलला, मग दुसरा, आणि भुंगा उठून खोडाकडं चालू लागला. मुलगी हसली. यमूही हसली. आपण सांगितलेलं कुणी इतकं कान देऊन ऐकल्याला किती दिवस झाले होते, ते तिला आठवेना.

मुलगी एका कॉलेजातून संशोधन करत होती. तिनं सांगितलं, की हे भुंगे फक्त अळंबीवर जगतात, आणि या प्रजातीवर फार कुणी काम केलेलं नाही. पुस्तकात आहे ते दोन-चार ओळी. त्या प्रजातीचं विलायती नाव तिनं दोनदा उच्चारलं, पण यमूला ते धरता आलं नाही. मग तिनं विचारलं, "मावशी, उन्हाळ्यात अळंबी वाळून जाते. तेव्हा हे कुठं जातात?"

यमूनं जन्मभर सोंगे पाहिले होते, पण हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. ती म्हणाली, "काय ठाव. आमच्या वाडीवानी जात असतील कुठं."

दिपिका आणखी तीनदा आली. तिसऱ्या खेपेला तिनं यमूला एक काम सांगितलं. दर चार दिवसांनी खोडापाशी जायचं, सोंगे मोजायचे, आणि फोनवर बोलून तिला पाठवायचं. यमूला लिहिता येत नव्हतं. दिपिकानं फोनवरचं माइकचं चित्र दाबून धरायला शिकवलं. बोट उचललं की निरोप जातो. निरोपाखाली एक टीक आली म्हणजे गेला, दोन आल्या म्हणजे पोचला, निरोपावरचा माइक निळा झाला म्हणजे मी ऐकला.

पहिला निरोप यमूनं खडकावर उभं राहून ओरडून पाठवला. सोंगे दोन विसा नि सात, एवढाच. ती विसांनीच मोजायची. दिपिकाचं उत्तर आलं, की मावशी, ओरडू नका, मी तुमच्या कानाशीच आहे.

नंतर निरोप लांबत गेले. आधी नुसते सोंगे. मग खोडाच्या कोणत्या अंगाला जास्त होते, ऊन कुठं होतं, अळंबीचा रंग कसा होता. मग जनीला रात्री खोकला लागला तो. मग जैतूला मासे धरायची कशी हौस होती ते. निरोप दिपिकाला असे, पण बोलता बोलता यमू कधी कधी तिचं नाव विसरून जायची आणि नुसतीच बोलत राहायची. दिपिका दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायची. एकदा तिनं विचारलं, आज काय रांधलं. तो निरोप यमूनं चार वेळा ऐकला.

दिवाळीनंतर वाडी निघाली. अमित आईच्या पाया पडला, सुरेखानं डोक्यावर बोचकं घेतलं, टेम्पो रस्त्यावर उभा होता. संध्याकाळपर्यंत सगळं शांत झालं. मोईचं खोडही वाळत चाललं होतं. अळंब्या कडक होऊन तडकल्या. सोंगे एक वीस झाले, मग नऊ, मग तीन. मार्गशीर्ष सरता सरता एक दिवस खोडावर एकही नव्हता. यमूनं ते सांगितलं. दिपिकाचं उत्तर आलं, की आता थोडे दिवस ती गडबडीत आहे, पण मावशींनी पाठवत राहावं.

त्यानंतरच्या निरोपाखाली एकच टीक आली. त्याच्या पुढच्याखालीही एकच.

पौषात म्हसा गावची जत्रा भरली. जनीची लेक टोकावड्याला दिली होती. ती जत्रेला आली आणि तिथून वर वाडीत आली. आईचा खोकला तिनं ऐकला आणि तिला घेऊन जायचं ठरवलं. यमूनं जनीचं गाठोडं बांधून दिलं. जाताना जनी सारखी मागं वळून बघत होती आणि आपल्या रिकाम्या ओट्याकडं हात करून काही सांगत होती. काय ते यमूला कळलं नाही. बाविसातल्या एकाच घराला आता कुलूप नव्हतं.

त्या दिवसांबद्दल यमूनं पुढं कुणाला फारसं सांगितलं नाही. सकाळी उठल्यावर सगळ्यात वाईट वाटायचं, एवढं एकदा म्हणाली. कोंबडं नाही, भांड्याचा आवाज नाही, कुणाचं पोर रडत नाही. एकदा तर दोन दिवस तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता, आणि तिसऱ्या दिवशी आइतवारी अमितचा फोन आला तेव्हा आवाजच फुटेना. अमितला वाटलं, रेंज नाही. त्यानं फोन ठेवला.

सोंगे शोधायला ती निघाली ती त्याच आठवड्यात. कुणी सांगितलं नव्हतं. दिपिकानं विचारलं होतं एवढं खरं, पण दिपिका तर बोलतच नव्हती. यमू काठी घेऊन निघायची आणि मोईच्या खोडापासून सुरुवात करायची. पहिले काही दिवस तिनं खोडाखालचे दगड उलटे केले. विंचू निघाले, गोमी निघाल्या. मग वाळल्या पानांचा पातेरा उपसला. मग आजूबाजूच्या झाडांच्या ढोल्या बघितल्या, एक एक करून, वर पोचेल तिथपर्यंत. खुबा दुखायला लागला की बसायची, दगडाला टेकून, पाय लांब करून. बघून झालेल्या झाडाला ती कोयत्यानं एक बारीक खूण करायची. माघ गेला. फाल्गुन लागला, आणि खुणा ओहळाच्या वरच्या पाझरापर्यंत पोचल्या.

तिथं एक जुनं जांभूळ आहे. अर्धं वाळलेलं, पण मुळं पाझरात, म्हणून बुंध्याशी भर उन्हाळ्यातही गारवा. बुंध्याची साल एका जागी सुटून पुढं आली होती. आत बोट जाईल एवढी फट. उकिडवं बसता येत नाही म्हणून यमू सरळ पोटावर आडवी झाली आणि फटीत डोळा लावला. आधी काही दिसलं नाही. मग काळोखात पिवळे ठिपके दिसले. एक नव्हे, दोन नव्हे. आतल्या भिंतीला सोंगे चिकटून बसले होते, एकाला एक लागून, एकाच्या पाठीवर दुसरा, घोंगडीसारखे पसरलेले. हलत नव्हते. तिनं गवताची काडी आत घातली आणि कडेच्या एकाला हळूच टेकवली. त्यानं एक मिशी हलवली, आणि पुन्हा स्थिर झाला.

यमू मोजायला लागली. आठ विसांपर्यंत गेली आणि चुकली. पुन्हा मोजायला तिचे डोळे चालेनात.

ती तशीच उठून खडकावर गेली. तिथपर्यंत पोचायला तासभर लागला. माइक दाबून ती म्हणाली, "पोरी, गावले. कुठं गेले नव्हते गो, हिथंच हायेत. सगळे एका जागी हायेत."

एक टीक आली. ती दिवस कलेपर्यंत तिथं बसली. दुसरी आली नाही.

होळीनंतर आठ दिवसांनी वणवा लागला. वरच्या डोंगराला कुणी पेटवला की आपोआप पेटला, कळलं नाही. दुपारी यमूनं धूर पाहिला, आणि वारा पाझराच्या बाजूला होता. वाडीभोवती जमीन मोकळी होती, घरांना भय नव्हतं. ती घरी बसून राहिली असती तर कुणी तिला काही म्हटलं नसतं. म्हणायला कुणी नव्हतंच.

जंगलखात्याच्या मजुरीवर असताना तिनं वणवा अडवायच्या जाळरेषा काढल्या होत्या. काम ठाऊक होतं. जांभळाभोवती पाच-सहा हात रुंद पट्टा तिनं झाडून काढला, फांदीच्या खराट्यानं, पातेरा बाहेरच्या अंगाला लोटत. अर्धं वर्तुळ पुरं झालं तेव्हा आगीचा आवाज ऐकू यायला लागला. उरलेलं तिनं कसं केलं ते तिला नीट आठवत नाही. आग आली ती गवतातून, कमरेएवढी. पट्ट्याशी आली आणि खाली बसली. एका जागी ओलांडायला लागली तेव्हा यमूनं करंजाच्या हिरव्या फांदीनं झोडपून ती विझवली. तिथं तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. लुगड्याचा काठ जळाला. आग बाजूनं खाली गेली आणि ओहळाशी विझली.

पाझराच्या पाण्यात हात घालून ती बराच वेळ बसली. मग फटीत बघितलं. सोंगे होते तसेच होते.

त्या आइतवारी अमितचा फोन आला. सगळं बरं आहे, असं तिनं सांगितलं. हात भाजल्याचं, एकटीनं वणवा विझवल्याचं, आणि विझवताना आपण मोठमोठ्यानं जैतूला हाका मारत होतो हे, तिनं माइक दाबून सांगितलं, एक टीक येणाऱ्या त्या निरोपात. त्या वेळी आपण कुणाशी बोलतोय याचा ती विचारच करत नव्हती.

वैशाखातली गोष्ट. हात भरून आला होता, कातडी गुलाबी होऊन ओढली गेली होती. यमू खडकावर नवा निरोप पाठवायला बसली आणि तिनं फोन उघडला. सगळ्या निरोपांखाली दोन टिका होत्या. ती बघत असतानाच सगळ्यात वरच्या निरोपाचा माइक निळा झाला. थोड्या वेळानं त्याच्या खालचा. मग पुन्हा काही वेळ काही नाही, कारण पुढचा निरोप लांब होता; मग त्याचाही. कुणीतरी तिकडं एकामागून एक ऐकत होतं. जनी गेली तो निरोप निळा झाला. सोंगे सापडले तो झाला. यमू उन्हात बसून राहिली. वणव्याच्या निरोपाला सगळ्यात जास्त वेळ लागला.

त्या दिवशी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ती खडकावर असताना फोन वाजला आणि पुरुषाचा आवाज आला. त्यानं आपलं नाव प्रणय सांगितलं. दिपिका ज्या कॉलेजात होती तिथंच आता तो होता. दिपिकाची मुदत पौषात संपली, तिला बंगळूरला नोकरी लागली. फोन तिचा स्वतःचा नव्हता, कामाचा होता. जाताना तिनं तो जमा केला आणि तो कपाटात पडून राहिला. प्रणयनं परवा तो चार्ज केला.

यमूनं आधी विचारलं, पोरगी बरी आहे ना. बरी आहे, तो म्हणाला. मग ती म्हणाली, की सोंगे बघायचे असतील तर पावसाआधी ये, नंतर ते निघून जातील.

चार दिवसांनी तो आला. उंच, अबोल माणूस, तिशीतला. यमूनं त्याला पाझरापर्यंत नेलं. जळलेल्या काळ्या उतारात जांभळाभोवतालचा गोल तेवढा कोरा दिसत होता. तो त्या पट्ट्यापाशी थांबला आणि खालची राख बघत राहिला. मग पोटावर आडवा झाला, फटीत बत्ती धरली, आणि किती तरी वेळ तसाच राहिला. उठला तेव्हा त्याच्या कपाळाला माती होती. त्यानं सांगितलं, की त्याच्या माहितीत हे कुणी पाहिलेलं नाही. नमुने म्हणून त्याला दहा हवे होते.

यमूनं विचारलं, "मरतील?"

"हो."

"मंग दोन ने."

त्यानं दोनच नेले.

परतताना ओट्यावर बसून त्यानं तिला एक कागद दाखवला. चौकोन आखलेले होते. तारखा आणि आकडे. तुम्ही सांगितलेलं सगळं यात आहे, तो म्हणाला. यमूनं कागदावरून बोट फिरवलं. तिनं विचारलं, बाकीचं कुठं आहे. त्याला आधी कळलं नाही. मग कळलं.

"ते सगळं ऐकलं मी, मावशी," तो म्हणाला. "पण ते कुठं लिहायचं, ते मला समजलं नाही."

यमूनं मान हलवली. त्याच्यावर तिचा राग नव्हता. तिनं त्याला काळा चहा दिला. त्यानं अहवालात छापायला तिचं पूर्ण नाव विचारलं. यमू जैतू हिलम, असं तिनं सांगितलं, आणि त्यानं ते दोनदा विचारून नीट लिहून घेतलं. निघताना त्यानं दिपिकाचा नवा नंबर फोनमध्ये घालून दिला.

अमित आणि सुरेखा ज्येष्ठात आले. सुरेखानं आधी सासूचा हात पाहिला. कसा भाजला ते यमूनं सांगितलं तेव्हा अमित चिडला. भुंग्यांपायी मेली असतीस म्हणाला. पण रात्री तिच्या ताटात भात त्यानंच वाढला. पुढच्या वर्षी आमच्याबरोबर चल, खोपीत बसून राहा, त्यानं सुचवलं. यमू नको म्हणाली. भट्टीवर तिला जैतूशिवाय दुसरं काही दिसलं नसतं, पण ते तिनं मुलाला सांगितलं नाही.

मृगात दोन मोठे पाऊस झाले आणि जांभळाची फट रिकामी झाली. चार दिवसांत मोईच्या खोडावर कोवळी अळंबी फुटली आणि तिच्यावर सोंगे होते.

दिपिकाचा फोन आला तो आषाढात. मागून गाड्यांचे आवाज येत होते. फोन कपाटात पडून राहिला हे मला माहीतच नव्हतं, मला वाटलं तुमचे निरोप तिथं कुणीतरी ऐकतंय, असं ती म्हणाली आणि थोडी रडली. यमूनंच तिला समजावलं. येईन, असं दिपिका म्हणाली. अजून आलेली नाही. कधीमधी तिचा निरोप येतो, मग पंधरा-पंधरा दिवस येत नाही.

या दिवाळीनंतर वाडी पुन्हा निघाली. जनी टोकावड्यालाच राहिली. यमू दर चार दिवसांनी खोडापाशी जाते आणि खडकावर चढून प्रणयला आकडा सांगते. दिपिकालाही एक निरोप पाठवते, पण तो आता लहान असतो. कामात असेल पोरगी, असं तिला वाटतं. काल खोडावर नऊ होते. तिनं तेवढं सांगितलं, फोन कनवटीला लावला, आणि दिवस मावळायच्या आत घरी येऊन चूल पेटवली.